आरशात न दिसलेले ९ किलो

मुलांनो, जून महिन्यात शाळा उघडली की आमच्याकडे उंची-वजनाचा दिवस असतो. भिंतीवर पट्टी रंगवलेली आहे. तिला टाचा टेकवून एकेकानं उभं राहायचं, मग वजनकाट्यावर चढायचं आणि मी रजिस्टरमध्ये आकडे लिहायचे. गेल्या वर्षी शेवटचा मुलगा खाली उतरला आणि सगळी पोरं ओरडली, "बाई, आता तुम्ही!" मी चढले. काट्यानं ७४ किलो दाखवले. चौथीतल्या एका पठ्ठ्यानं रजिस्टरात डोकावून लगेच हिशेब केला, "बाई, तुमच्यात पहिलीतली चार पोरं बसतात!" गणित बरोबर होतं, त्यामुळे रागावताही येईना.

त्याच महिन्यात रक्त तपासलं, तर साखर सीमारेषेवर. माझ्या वडिलांना मधुमेह, आत्याला मधुमेह. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, साखर आणि भात आवरा, पाच-सहा किलो उतरवा.

आता आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात "पहाटे उठून फिरायला जा" हा सल्ला कामाचा नाही बरं का. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, ते काय उगीच? म्हणून मी शाळा सुटल्यावर, चांगला उजेड असताना, मैदानालाच फेऱ्या मारायला लागले. दोन पोरं मोजणीदार म्हणून कट्ट्यावर बसायची आणि एखादी फेरी जास्त सांगितली तर आपसात भांडायची. चहातली साखर गेली, भात वाटीभर झाला. मासवडी मात्र सोडली नाही. ती सोडायला सांगणारा डॉक्टर आमच्या भागात फार दिवस टिकेल असं मला वाटत नाही.

घरी कपाटाला मोठा आरसा आहे. रोज सकाळी साडी नेसताना त्यात बघायची. महिना झाला, तीन महिने झाले, दिवाळी आली. आरशात तीच मी. तेच गाल, तेच दंड. काट्यावर मात्र ७० आले होते. मला वाटलं, काटाच बिघडला असेल. आट्याची ५ किलोची न फोडलेली पिशवी त्यावर ठेवून पाहिली, तर बरोबर ५. म्हणजे काटा खरा. पण डोळ्यांना पटेना. सुट्टीत फेऱ्या बंद पडायच्या बेताला आल्या. जे दिसतच नाही त्यासाठी करंज्या का सोडायच्या, तुम्हीच सांगा!

पूर्वी मी आंबेगाव तालुक्यात होते, बदली होऊन जुन्नर तालुक्यात आले. दिवाळीनंतर जुन्या कागदपत्रांच्या कामासाठी घोडेगावला जावं लागलं. एसटी स्टँडवर आधीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी भेटल्या. दीड वर्षानं बघत होत्या मला. पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "अगं बया! बाई, आजारी होता का काय? निम्म्या झाल्या की!"

७४ चे निम्मे ३७ होतात, हे ओठावर आलं होतं, पण गिळलं. कारण त्या क्षणी मला फार बरं वाटलं. परतीच्या गाडीत मात्र विचार सुरू झाला. आरसा म्हणतो काहीच नाही, मावशी म्हणतात निम्म्या, काटा म्हणतो ४ किलो. एकाच बाईबद्दल तिघांची तीन मतं!

दुसऱ्या दिवशी हा प्रश्न मी वर्गात नेला. एका मुलाला डोळे मिटून हात पुढे करायला लावला. तळहातावर एक वही ठेवली, मग हळूच दुसरी. "वाढलं!" तो लगेच म्हणाला. मग त्याच्या हातात गच्च भरलेलं दप्तर दिलं आणि त्यात तीच वही सरकवली. "आता?" "काय नाय बाई, तेवढंच हाय." वही तीच, वजन तेच, पण दप्तरात ती हरवून गेली. जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात अर्न्स्ट वेबर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १८३४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असेच हातातल्या वजनांचे प्रयोग आहेत. त्यांना आढळलं, की फरक किती ग्रॅमचा आहे याला महत्त्व नसतं, आधीच्या वजनाच्या मानानं तो किती आहे, यावर तो कळणं-न कळणं ठरतं.

आता माझा हिशेब करा. साधारण १५० दिवसांत ४ किलो. फळ्यावर भागाकार मांडला, उत्तर आलं दिवसाला जेमतेम २७ ग्रॅम. म्हणजे मूठभर शेंगदाणे. ७४ किलोच्या बाईतून रोज मूठभर शेंगदाणे कमी झाले तर आरशात काय दिसणार? आणि तेही एका जागचे नव्हे, सगळ्या अंगातून थोडे थोडे. पोटाच्या आत आतड्यांभोवती जी चरबी असते तिचा तर आरशाशी संबंधच नाही. माझे डोळे आजची मी कालच्या मीशी ताडून पाहत होते. मावशींच्या डोळ्यांत दीड वर्षापूर्वीची बाई होती. कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून पाहिलं होतं, की किती वजन बदललं की ते लोकांना चेहऱ्यावर ओळखू येतं. मध्यम उंचीच्या माणसाच्या बाबतीत उत्तर साधारण साडेतीन ते चार किलो आलं. मावशी अगदी वेळेवर भेटल्या म्हणायच्या!

तुमच्या घरी तरी काय वेगळं होतं? सुट्टीत मामाकडे गेलात की मामी दारातच म्हणते, "केवढा उंच झालास रे!" आईला ते शाळेची पँट घोट्याच्या वर गेल्यावर कळतं. मामीचं प्रेम जास्त म्हणून नव्हे, ती वर्षानं बघते म्हणून.

शिवाय आरशाची एक गंमत आहे. थंडीत अंघोळीच्या गरम पाण्यानं आरशावर वाफ धरली की त्याच्यासमोर उभे राहा, एक डोळा मिटा आणि आरशात दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याभोवती बोटानं रेघ काढा. मग ती आकृती पट्टीनं मोजा. ती तुमच्या खऱ्या चेहऱ्याच्या निम्म्या लांबीची भरेल! मागे सरका नाहीतर पुढे या, निम्मीच. इतकी वर्षं रोज बघूनही हे आपल्या लक्षात येत नाही, कारण आपल्याला जे माहीत आहे तेच आपण आरशात बघत असतो.

हे सगळं वर्गात बोलून झालं आणि काही दिवसांनी चौथीतल्या एका मुलीनं खिचडीचं ताट तसंच ठेवलं. भूक नाही म्हणाली. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. जवळ बसवून विचारलं, तर हळूच म्हणाली, "बाई, मी जाडी आहे ना, म्हणून." लग्नातला फोटो मोबाइलवर बघून घरातलं कुणीतरी तसं चिडवलं होतं. मी तिला रजिस्टर उघडून दाखवलं. तिसरीत उंची १२६ सेंटिमीटर, वजन २४ किलो. चौथीत १३२ आणि २७. तिच्या वयाच्या मुलांची उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर आणि वजन दोन-तीन किलो वाढतंच, वाढायलाच हवं. माझ्या वजनाचं आणि तिच्या वजनाचं गणित उलटं आहे. माझी वाढ संपली, तिची चालू आहे. तिनं दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "म्हणजे सहा सेंटिमीटर उंच झाले मी? आरशात तर दिसत नाही."

संध्याकाळी तिच्या आईला भेटले. पालकांनो, हे तुमच्यासाठीही लिहिते आहे. "जाडे", "ढब्बू" हे आपण लाडानं म्हणतो, पण ताट बाजूला सारणारं लेकरू तो लाड घरी बोलून दाखवत नाही. वजनाची खरोखर शंका असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांना विचारा, नाहीतर डॉक्टरांना दाखवा. मुलांचं जेवण स्वतःच्या मनानं तोडू नका.

माझ्या डॉक्टरांनी नंतर एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांचा तीन वर्षं अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणं आणि आहार सांभाळणाऱ्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण, नेहमीसारखंच वागणाऱ्या गटापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी निघालं. आणि त्यांचं वजन? जवळजवळ तेवढंच होतं! म्हणजे काट्यालाही न दिसणारं काहीतरी आत घडत होतं. आरशाची तर बातच सोडा.

माझा काटा या जूनमध्ये ६५ वर आला आहे आणि साखर सीमेच्या अलीकडे. आरशात मला अजूनही फार फरक दिसत नाही, खरंच सांगते. पण दोन ब्लाउज शिंपीदादांकडे आवळायला गेले. त्यांच्या वहीत माझं जुनं माप लिहिलेलं होतं. नवं माप घेताना त्यांनी टेप दोनदा लावून पाहिली.

आणि जानेवारीत शिवनेरीला सहल गेली होती. गडाला सात दरवाजे. आदल्या वर्षी मी हत्ती दरवाजापाशीच पायरीवर बसले होते आणि पोरं पुढे जाऊन माझी वाट बघत होती. या वेळी शिपाई दरवाजा ओलांडून शिवाई देवीच्या देवळापर्यंत न बसता गेले. तिथं पोहोचल्यावर एका मुलानं पाण्याची बाटली पुढे केली आणि माझ्याकडे बघून परत घेतली. "बाई, तुम्हाला दम लागला नाही. मग मीच पितो," म्हणाला.

उतरताना गुडघे दुखले ते दुखलेच.