डोहातली मरळ

आमचे मेहुणे दोन वर्षांपूर्वी काश्मीरला जाऊन आले आणि तेव्हापासून ट्राउट नावाचा मासा आमच्या घरी मुक्कामाला आहे. पहलगामला लिद्दर नदीच्या बर्फगार पाण्यात उभे राहून आपण तो गळाने कसा पकडला, हे त्यांनी आम्हांला दहा वेळा तरी ऐकवले असेल. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास विलायतेहून अंडी आणवून हा मासा काश्मीरच्या ओढ्यांत वसवला. त्याला थंड, वाहते पाणीच मानवते.

"बाबा, आपल्या नांदेडला का नाही ट्राउट?" आमच्या बारा वर्षांच्या चिरंजिवांनी विचारले. मे महिन्यात आपल्या नळाच्या पाण्याने हात भाजतो, असे सांगून मी वेळ मारून नेली. "मग आपल्याकडे काय आहे?" या प्रश्नाला मात्र बगल देता येईना.

म्हणून गणपती झाल्यावर एका रविवारी आम्ही बापलेक सहस्रकुंडाला निघालो. मुदखेड, भोकर, हिमायतनगर मागे टाकीत गाडी किनवटच्या रानाकडे सरकू लागते, तशी सपाटी संपून सागाच्या टेकड्या सुरू होतात. पैनगंगा इथे काळ्या कातळावरून धाडकन खाली उडी घेते. अलीकडचा काठ नांदेडचा, पलीकडचा यवतमाळचा. एकाच धबधब्याचे तुषार मराठवाडा आणि विदर्भ दोघांच्याही अंगावर उडतात. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी खडकात ठिकठिकाणी रांजणखळगे कोरले आहेत. उन्हाळ्यात येणाऱ्याला मात्र हा थाट दिसायचा नाही. तेव्हा बहुधा नुसता खडकच तापत पडलेला असतो.

धबधब्यापासून बरेच लांब, नदीच्या एका संथ फाट्यावर एक म्हातारे भोई बसले होते. त्यांनी चिरंजिवांच्या हाती बांबूची काठी दिली, गळाला गांडूळ लावून दिले आणि दोरीला बांधलेले मोरपिसाचे देठ दाखवून म्हणाले, "हे बुडालं की वढायचं. तवर गप बसायचं." गप्प बसणे हा प्रकार चिरंजिवांना नवा होता. तरी ते तासभर बसले!

अचानक समोरच्या पाण्यावर तांबूस ढग पसरल्यासारखे दिसले. नीट पाहिले तर शेकडो इवलाली पिले! एकदम वर येत, हवा घेत, पुन्हा खाली जात. आणि त्यांच्याखाली हातभर लांबीची एक काळी सावली.

"मरळ!" चिरंजीव ओरडले आणि त्यांनी गळ तिकडे वळवला. म्हाताऱ्याने पटकन काठी धरली.

"न्हाई लेकरा. पिल्लावरची हाय ती. मायबाप राखणीला असत्यात. तिला काढली, की बाकीचे मासे ही पिल्लं घटकाभरात खाऊन टाकत्याल."

"पण बाबा, तुम्हांला तर बाजारात भाव मिळेल," मी म्हणालो.

"आज मिळंल की, मास्तर. पुढच्या साली काय इकू?"

मी गप्प झालो. मला लातूर आठवले. मी मूळचा तिकडचा. लहानपणी मांजरेच्या पाण्यात पाय सोडून बसलेला. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरात आली. आई तेव्हा तिथेच राहत होती. भाजी धुतलेल्या पाण्याने ती फरशी पुशी आणि तेच पाणी पुन्हा तुळशीला घाली. एकदा मी नांदेडहून दोन कॅन भरून नेले, तर तिने त्यातला एक शेजारणीला देऊन टाकला. मी चिडलो, तेव्हा ती म्हणाली होती, "तिच्या घरात बाळंतीण आहे रे." आई आता नाही. त्या वेळी चिडल्याची लाज मला पैनगंगेच्या काठावर, इतक्या वर्षांनी वाटली.

उन्हे कलली. म्हाताऱ्याने काठ्या गुंडाळल्या. निघताना त्याने चिरंजिवांच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच्या टोपलीत दोनच लहान शिंगाळे होते; आमच्या पिशवीत तेही नव्हते.

रात्री मेहुण्यांचा फोन आला. "काय, मिळाला का मासा? केवढा होता?"

चिरंजिवांनी फोन माझ्या हातातून घेतला. "मामा, शेकडो होते," ते म्हणाले, "पण अजून लहान आहेत!"