धातू चालवताना

शाळेत संस्कृत शिकलेल्या माणसाला ‘धातू चालवणे’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. पठामि, पठावः, पठामः असं एका सुरात म्हणत त्याने तो चालवलेला असतो. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. वर्ग सुरू झाला की पहिल्या काही तासांतच फळ्यावर एक धातू लिहिते: ‘आब्लार’, म्हणजे बोलणे. रोमन लिपीत त्याच्या आरंभी ‘एच’ असतो, पण स्पॅनिशमध्ये तो मुका. मग वर्तमानकाळ चालवायचा: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते. द्विवचन नाही, क्रियापदाला लिंग नाही.

ही रूपं संस्कृतशेजारी ठेवून पाहावीत. पठसि, आब्लास. पठामः, आब्लामोस. पठन्ति, आब्लान. ‘तू’चा स, ‘आम्ही’चा म आणि ‘ते’चा न दोन्हीकडे आपापल्या जागी उभे आहेत. हा योगायोग नाही. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या, आणि स्पॅनिश ही लॅटिनची लेक. बोलणारा कोण हे प्रत्ययातच कळत असल्यामुळे स्पॅनिश माणूस ‘मी’, ‘तू’ सहसा उच्चारतही नाही. आपणही दारातून निघताना नुसतं ‘येतो हं’ म्हणतो.

क्रियापदांचे गण तीन: आर, एर आणि ईर. आब्लार, कोमेर (खाणे), बिबीर (जगणे, राहणे). दुसरा आणि तिसरा गण बहुतेक काळांत सारखेच चालतात, त्यामुळे प्रत्यक्षात दोनच नमुने डोक्यात ठेवावे लागतात. इथवर कुणी अडखळत नाही. अडखळतात ते भूतकाळाशी, आणि त्याचं कारण, माझ्या मते, स्पॅनिशमध्ये नाही. आपण स्पॅनिश इंग्रजीच्या खिडकीतून शिकतो, त्यात आहे.

स्पॅनिशला साधे भूतकाळ दोन. एक प्रेतेरितो: आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. दुसरा इम्पेर्फेक्तो: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. इंग्रजी पुस्तकं या दोहोंमधला फरक सांगायला पानंच्या पानं खर्च करतात, कारण इंग्रजीचा साधा भूतकाळ दोन्हींना पुरतो. पूर्ण झालेली क्रिया, चालू असलेली क्रिया, सवय, पार्श्वभूमी अशी यादी विद्यार्थी पाठ करतात आणि लिहायला बसले की गोंधळतात. मी त्यांना यादी मिटायला सांगते आणि मराठीत एक वाक्य देते: आजी भांडी घासताना विठोबाशी बोलायची, एक दिवस ती माझ्याशी बोलली. पहिलं ‘आब्लाबा’, दुसरं ‘आब्लो’. ‘आजी रोज विठोबाशी बोलली’ असं मराठी माणूस म्हणणार नाही, आणि का म्हणणार नाही हे त्याला कुणी शिकवलेलंही नसतं. स्पॅनिश माणसाच्या मनात हाच कल असतो.

आपल्याकडे उलट श्रीमंती जास्त आहे. ती बोलायची, ती बोलत होती, ती बोलत असे, आणि जुन्या वळणाचं ‘ती बोले’. या चारींना स्पॅनिशचं एकटं ‘आब्लाबा’ पुरून उरतं. त्यामुळे मराठीकडून स्पॅनिशकडे जाणाऱ्याला फक्त एकत्र गोळा करायचं असतं, फोडायचं काही नसतं. शिवाय इम्पेर्फेक्तो हा विलक्षण शिस्तीचा काळ आहे. साऱ्या भाषेत तिथे अनियमित चालणारी क्रियापदं तीनच: असणे, जाणे आणि पाहणे. भूतकाळ शिकवायची सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. बहुतेक पुस्तकं ती प्रेतेरितोपासून करतात, आणि तिथे तर नेहमीच्या वापरातली कितीतरी क्रियापदं वाकडी चालतात.

मराठी माणसाचा खरा कस लागतो तो आघाताशी. शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून मराठीत अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. स्पॅनिशमध्ये त्यावर काळ बदलतो, माणूस बदलतो. जोराच्या अक्षरापुढे अवग्रह टाकून दाखवते: आऽब्लो म्हणजे ‘मी बोलते’, आब्लोऽ म्हणजे ‘तो बोलला’. तेर्मीऽनो म्हणजे ‘मी संपवते’, तेर्मिनोऽ म्हणजे ‘त्याने संपवलं’, आणि पहिल्याच अक्षरावर जोर दिला, तेऽर्मिनो, की ते क्रियापद उरतच नाही. ‘संज्ञा’ किंवा ‘शेवट’ या अर्थाचं नाम होतं. आब्लाराऽ म्हणजे ‘तो बोलेल’, तर आब्लाऽरा हे ‘तो बोलता तर’मधलं ‘बोलता’. लिहिताना डोक्यावरची छोटी तिरकी रेघ हे काम करते, आणि ती गाळली तर शुद्धलेखनाची किरकोळ चूक होत नाही, वाक्याचा कर्ता पळून जातो. म्हणून माझ्या वर्गात रूपं आधी तोंडाने होतात, टाळी देत, आणि वहीत नंतर उतरतात. आम्ही-रूपाला मात्र ही युक्तीही लागू नाही: ‘आब्लामोस’ वर्तमानातही तेच आणि प्रेतेरितोतही तेच. ‘आज’ म्हटलंय की ‘काल’, यावरून समजून घ्यायचं.

भविष्यकाळावर माझा विशेष जीव आहे, कारण तिथे भाषेची शिवण उघडी दिसते. आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. आतापर्यंत पाहिलेल्या काळांत ‘आर’ काढून प्रत्यय लावतात. इथे अख्खं ‘आब्लार’ तसंच ठेवून पुढे प्रत्यय चिकटवलेत. हे प्रत्यय म्हणजे ‘आबेर’ या सहायक क्रियापदाची वर्तमानकाळातली रूपं: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. ‘आबेइस’चा फक्त शेवट उरला, बाकीची जशीच्या तशी आली. मूळ अर्थ साधारण ‘मला बोलायचं आहे’ असा. आन्तोनिओ दे नेब्रिखा याने 1492 साली कास्तील्यानो, म्हणजे स्पॅनिश, भाषेचं व्याकरण छापलं, त्यातही हा काळ क्रियापदाचं मूळ रूप आणि ‘आबेर’ जोडून होतो अशी नोंद आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोन तुकड्यांच्या मधे सर्वनामही बसत असे: आब्लार-ते-ए, ‘तुझ्याशी बोलेन’. स्पॅनिशमध्ये ती फट पुढे बुजली. तिच्या बहिणीने, पोर्तुगीजने, औपचारिक लिखाणात ती अजून जपली आहे: फालार-ते-एइ. गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या पिढीला ही रचना वाचताना अडखळायला होऊ नये.

बोलताना मात्र, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, भविष्याची गोष्ट सहसा ‘बोय आ आब्लार’ अशी सांगतात. आपल्या ‘बोलणार आहे’सारखी. मग ‘आब्लारा’ उरतो तो अंदाजाला. ‘आत्ता आईशी बोलत असेल’ यात आपण वर्तमानाबद्दल बोलतो आणि क्रियापद भविष्याचं वापरतो. स्पॅनिशही नेमकं हेच करते.

राहिला सुबखुन्तिबो, म्हणजे इच्छा, शंका अशा वाक्यांत येणारी क्रियापदाची वेगळी रूपं. जगभरचे विद्यार्थी याला घाबरतात. रूपं करायला सोपी आहेत: ‘आर’ गणात आ-च्या जागी ए, उरलेल्या दोन गणांत आ. आब्लेस, कोमास, बिबास. ‘क्येरो के आब्लेस’ म्हणजे ‘तू बोलावंस असं मला वाटतं’. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त आख्यातांची, म्हणजे क्रियापदाच्या रूपांच्या गटांची, नावं त्यांच्या प्रत्ययांवरून आहेत: ताख्यात, लाख्यात, वाख्यात. ‘बोलावंस’ हे यातलं वाख्यात. इच्छा, विनंती, गरज दाखवणारा निम्मा सुबखुन्तिबो या वाख्यातात बसतो, आणि मराठी मुलांना तो विनासायास येतो. उरलेल्या निम्म्यात मराठीची साथ सुटते. ‘तू बोलशील तेव्हा’ इथे आपण सरळ भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिशला मात्र ‘आब्लेस’च हवं. ‘तो बोलत असेल असं वाटत नाही’ याचंही तेच. इथे मराठीवर विसंबू नये, वाचन वाढवावं. दुसरा मार्ग मला दिसलेला नाही.

नियमित क्रियापदं कंटाळवाणी आणि अनियमित तेवढी रंगतदार, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. अनियमित रूपं जुन्या काळातून आलेली, मोजकी आणि बंद झालेली. भाषेत नवं क्रियापद आलं की ते जवळजवळ नेहमी ‘आर’ गणात जातं आणि निमूट नियमाने चालतं. आपण ‘ट्वीट करणे’, ‘गुगल करणे’, ‘व्हॉट्सअ‍ॅप करणे’ म्हणतो; परक्या शब्दाला हात न लावता ‘करणे’ चालवतो. एकेकाळी आपणही ‘बदल’चं ‘बदलणे’ केलं होतं, ती सवय आता कमी झाली. स्पॅनिशने ती सोडलेली नाही. तुइतेआर, गुग्लेआर, वासापेआर. यातलं ‘तुइतेआर’ तर स्पॅनिश अकादमीच्या 2014 च्या शब्दकोशात दाखल झालं. सत्र संपताना मी वर्गाला ‘वासापेआर’ देते आणि म्हणते, चालवा. पुस्तकातल्या तक्त्यात हे क्रियापद त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. तरी कुणी ‘वासापेआबा’ म्हणतं, व्हॉट्सअ‍ॅप करायचे. कुणी ‘वासापेआरे’, करेन. आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ‘वासापेओ’ म्हणून शेवटच्या अक्षरावर बरोबर जोर देतं.