अपंगत्वाचा आकडा आणि दुसऱ्या माणसाचे हात

वाचकहो, रत्नागिरी जिल्ह्यात फौजेशी नाते नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. दापोलीला जुनी माणसे अजूनही ‘कॅम्प’ म्हणतात; इंग्रजी अमदानीत निवृत्त शिपाई तेथे वस्ती करून राहत. पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत आणि महार रेजिमेंटमध्ये या मातीतली माणसे पिढ्यान्पिढ्या भरती होत गेली. माझ्या दवाखान्याच्या बाकावर म्हणूनच मणक्याची, गुडघ्याची किंवा कानाची जुनी दुखापत सांभाळणारा एखादा माजी सैनिक नेहमी दिसतो. आज मी औषधांविषयी फारसे लिहिणार नाही. अशा घरांत पत्र्याच्या ट्रंकेत पडून राहणाऱ्या कागदांविषयी लिहिणार आहे.

सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले अपंगत्व किमान २० टक्के ठरले, तर सैनिकाला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते. या टक्क्यांचे पुढे टप्पे केलेले आहेत. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रानुसार ५० च्या आतले अपंगत्व ५० धरावे, ५० ते ७५ पर्यंतचे ७५ आणि ७६ पासून पुढचे १०० धरावे. ही सवलत आरंभी केवळ प्रकृतीच्या कारणावरून सेवेतून काढलेल्यांनाच दिली जाई. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही ती नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये ठरवले. शंभर टक्क्यांना अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के एवढा अपंगत्वाचा भाग मिळतो, पन्नासला त्याच्या निम्मा. आपल्या पेन्शनच्या आदेशावर, म्हणजे पी.पी.ओ.वर, कोणता आकडा आहे हे एकदा पाहावे. पुष्कळ घरांत तो कोणी वाचलेलाच नसतो.

या आकड्याहून निराळी अशी आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. अपंगत्व शंभर टक्के असेल, आणि त्या मान्य झालेल्या अपंगत्वामुळेच रुग्णाला सतत दुसऱ्या माणसाची गरज आहे असे वैद्यकीय मंडळाने लिहून दिले, तर ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’ नावाचा भत्ता मिळतो. जुलै २०१७ पासून तो महिना ६,७५० रुपये झाला आणि महागाई भत्त्याबरोबर पुढे वाढण्याची तरतूदही झाली. रक्कम मोठी नव्हे. पण रात्री तीनदा उठून नवऱ्याची कूस बदलणाऱ्या बाईचे श्रम सरकारदरबारी या एका ओळीत मोजले जातात. ती ओळ आपोआप लिहिली जात नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका हवालदारांची हकिगत सांगतो. डोंगरी रस्त्यावर लष्करी गाडी कोसळून त्यांच्या कमरेच्या मणक्याला मार बसला आणि ते सेवेतून बाहेर पडले. अपंगत्व ३० टक्के ठरले होते. पुढे पायांतली शक्ती ओसरत गेली, लघवीवरचा ताबा गेला. पुनर्तपासणीचा अर्ज केल्यावर बोलावणे आले, आणि मुलाने त्यांना घाट ओलांडून लष्करी रुग्णालयात नेले. मंडळाने टक्के वाढवून साठ केले आणि परिचारकाच्या रकान्यात ‘आवश्यकता नाही’ असे लिहिले. असे का, हे मला काकींनी सांगितले. “सायब खोलीत आले तसे हे खुर्चीला धरून ताठ उभे ऱ्हायले. कसे आहात विचारलान, तर म्हणाले, ठीक आहे सर. घरी आल्यावर आठ दिवस अंथरुणावर.”

वाचकहो, यात त्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्दीसमोर दुखणे झाकायचे हे ज्याला विसाव्या वर्षी शिकवले, तो सत्तरीला आला म्हणून ते विसरत नाही. मंडळासमोर जाताना, परवानगी मिळाल्यास, रोज अंघोळ घालणारे माणूस सोबत असावे. तेही शक्य नसेल तर त्या माणसाचे म्हणणे कागदावर असावे.

अपिलाच्या वेळी आम्ही तेच केले. काकी चौथी शिकलेल्या. दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवरच त्यांनी महिनाभर रोजच्या चौकटीत टिपून ठेवले: किती वेळा उठवले, किती चादरी बदलल्या, घरात दुसरे कोणी नसताना काय अडले. मी माझ्या प्रमाणपत्रात ‘अशक्तपणा आहे, विश्रांतीची गरज आहे’ अशी ठरावीक वाक्ये टाळली. दोन माणसांच्या आधाराने किती पावले चालतात, पलंगावरून खुर्चीत स्वतः येतात का, कोणत्या पायात किती शक्ती उरली, जखम कोठे आणि केवढी, हे लिहिले. सोबत बार्थेल कोष्टक भरले. जेवण, अंघोळ, शौच, चालणे अशा दहा रोजच्या कामांचे ते मोजमाप आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी: त्यात शंभर गुण म्हणजे पूर्ण स्वावलंबी, आणि मंडळाच्या भाषेत शंभर टक्के म्हणजे पूर्ण अपंग. दोन्ही शंभरांची गल्लत झालेले कागद मी पाहिले आहेत.

त्यांच्या मुलाने मला एक विनंती केली होती. मधुमेह आणि मोतीबिंदूही लष्करामुळेच झाले असे लिहावे, म्हणजे टक्के वाढतील. मी नकार दिला. मान्य झालेली दुखापत बळावली तर तिचे टक्के वाढतात. वयाने आलेली दुखणी त्यात मिसळता येत नाहीत, आणि एक खोटी ओळ सापडली की उरलेल्या खऱ्या ओळींकडेही संशयाने पाहिले जाते. तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

आजार सेवेशी संबंधित नाही म्हणून दावाच फेटाळला गेला असेल, तर ती लढाई वेगळी. धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे, आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी शेजारच्या जुन्या फौजीचे उदाहरण डोळे मिटून घेऊ नये.

वाट अशी आहे. अर्ज आपल्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे जातो. तो लिहिण्यास जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि आपल्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला म्हणून घरी बसू नये. निवृत्तिवेतनातला अन्याय दर महिन्याला नव्याने घडतो, असे तरसेम सिंह खटल्यात २००८ मध्ये मान्य झाले. मात्र त्यात थकबाकी तीन वर्षांपुरतीच मिळाली. तेव्हा थांबण्याची किंमत असतेच. डिस्चार्ज बुक, जुन्या मंडळाचे कागद आणि पी.पी.ओ. यांच्या प्रती आधी काढून ठेवाव्यात. कोकणच्या पावसाळ्यात ट्रंकेतल्या कागदाला वाळवी लागायला फार काळ लागत नाही.

हवालदारांचे अपील मान्य झाले. नव्या मंडळाने शंभर टक्के लिहिले आणि परिचारकाची शिफारसही केली. पैसे यायला पुढे बरेच महिने गेले. आता वाडीतली एक बाई सकाळी दोन तास येते, अंघोळ आणि जखमेची पट्टी पाहते. यंदा गौरी-गणपतीत काकी दोन रात्री माहेरी राहून आल्या. परतल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: त्या बाईने कॅलेंडरवर लिहिले नाही, तर चालेल का?