एक नदी, तीन शहरं आणि आडनावांची निवडणूक

फिलिपिन्स म्हटलं की आधी आठवते बोराकायची पांढरी वाळू आणि पालावानचं निळंशार पाणी. जून २०२५पासून भारतीयांना पर्यटनासाठी १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय तिथे जाता येतं, त्यामुळे थायलंड-बालीच्या जोडीने आता मनिलाचंही नाव घराघरातल्या सुट्टीच्या बेतांत येऊ लागलं आहे. बरेच जण मनिलात एक रात्र काढून दुसऱ्या सकाळी बेटाचं विमान पकडतात. तुमच्या हातात एक दिवस जास्तीचा असेल तर तो पासिग नदीला द्या.

लागुना सरोवरातून निघून मनिलाच्या उपसागराला मिळणारी ही नदी राजधानीच्या मधोमध वाहते. तिच्यावर सरकारी फेरीबोट चालते आणि तिचं तिकीट लागत नाही. या एका बोटीतून तुम्ही मनिला, मकाती आणि पासिग अशी तीन शहरं पाहू शकता. आपल्याला बाहेरून सगळं एकच ‘मनिला’ वाटतं, पण मेट्रो मनिला म्हणजे १६ शहरं आणि १ छोटी नगरपालिका मिळून झालेला पट्टा आहे. प्रत्येकाचं स्वतंत्र सिटी हॉल, स्वतंत्र नगरसेवक आणि स्वतंत्र महापौर.

१२ मे २०२५ला या तिन्ही शहरांनी एकाच दिवशी मतदान केलं. प्रश्न तिघांपुढे सारखाच होता. शहराची किल्ली एकाच घराण्याकडे ठेवायची का? उत्तरं मात्र वेगवेगळी आली.

महापौर थेट तुमच्या मताने

मुंबई-पुण्यात आपण आपल्या प्रभागातले नगरसेवक निवडतो, नगरसेवक मिळून महापौर निवडतात आणि कारभाराच्या खऱ्या चाव्या आयुक्तांकडे असतात. नगरपरिषदेच्या गावात राहत असाल तर नगराध्यक्षासाठी थेट मत देण्याचा अनुभव तुम्हाला असेल. फिलिपिन्सच्या शहरांत महापौरच लोकांच्या मताने येतो आणि प्रशासनही तोच चालवतो. दुकानाचा परवाना, शहराचं रुग्णालय, मुलांची शिष्यवृत्ती, आजी-आजोबांच्या सवलती अशा रोजच्या गोष्टींचा रस्ता सिटी हॉलवरून जातो.

उपमहापौरासाठी वेगळं मत द्यायचं असतं, त्यामुळे महापौर एका गटाचा आणि उपमहापौर विरोधी गटाचा, असंही होऊ शकतं. शिवाय नगरसेवकही एकापेक्षा जास्त निवडायचे. मनिला शहरात ६ जिल्हे आहेत आणि प्रत्येक जिल्ह्यातला मतदार ६ नगरसेवक निवडतो. याच कागदावर १२ सिनेटर आणि संसदेचा प्रतिनिधीही असतो. म्हणजे मतपत्रिका चांगलीच लांबलचक! नावापुढचा गोल पेनने काळा करायचा, कागद मशीनमध्ये सरकवायचा, बाहेर आलेल्या पावतीवर आपली मतं बरोबर नोंदली गेली का ते पाहायचं आणि पावती तिथल्याच पेटीत टाकायची. २०१०पासून देशभर मोजणी मशीननेच होते, त्यामुळे बऱ्याच शहरांचा कल त्याच रात्री कळतो.

ही निवडणूक दर ३ वर्षांनी मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी होते. वातावरण तुम्हाला अगदी ओळखीचं वाटेल. मतदान केंद्र म्हणजे शाळेचा वर्ग, टेबलामागे शाळेतल्याच बाई आणि सर, दारावर चिकटवलेल्या याद्या आणि बोटाला शाई. २०२५मध्ये ज्येष्ठ नागरिक, गरोदर स्त्रिया आणि अपंग मतदारांसाठी पहाटे ५ वाजताच दारं उघडली होती. त्याआधीचे ४५ दिवस गल्लीगल्लीत प्रचार. गाजलेल्या गाण्यांच्या चालीवर उमेदवाराचं नाव गुंफून ती दिवसभर कर्ण्यावर वाजवतात. पोस्टर २ फूट बाय ३ फुटांपेक्षा मोठं नको असा नियम आहे, म्हणून एकच चेहरा ओळीने वीस वेळा लावलेला दिसला तर नवल नाही.

आणखी एक नियम लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. एका माणसाला सलग ३ टर्मच महापौर राहता येतं. ९ वर्षं झाली की खुर्ची सोडायची. नियम चांगला आहे, पण खुर्ची सोडून ती द्यायची कुणाला, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

पहिला थांबा : मनिला

लॉटनच्या धक्क्यावरून बोटीत चढण्याआधी जवळच मनिला सिटी हॉलचा घड्याळाचा मनोरा पाहून घ्या. इथले महापौर इस्को मोरेनो. तोंदो या दाटीवाटीच्या गरीब वस्तीत ते वाढले, लहानपणी त्यांनी कचऱ्यातून भंगार वेचलं, पुढे सिनेमा-टीव्हीत आले आणि मग राजकारणात. २०१९मध्ये ते महापौर झाले. तिथली तरुण मुलं शब्दातली अक्षरं उलटसुलट करून बोलतात. त्या बोलीत ‘मेयर’चं ‘योर्मे’ झालं आणि हे टोपणनाव त्यांना कायमचं चिकटलं.

२०२२मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी लढले आणि हरले. त्या वेळी मनिलाची खुर्ची त्यांच्या उपमहापौर हनी लाकुना यांच्याकडे गेली. मनिलाच्या त्या पहिल्या महिला महापौर. २०२५मध्ये इस्को परतले आणि आपल्याच जुन्या सहकारी लाकुना यांना हरवून पुन्हा महापौर झाले. उपमहापौरपदी निवडून आल्या ची अतिएन्सा, माजी महापौर लितो अतिएन्सा यांची कन्या. नगरसेवकांमध्ये इस्को यांचा मुलगाही आहे.

वस्तीतून वर आलेल्या माणसाचं कौतुक लोकांना आहेच. पण त्याच्या पाठोपाठ त्याचं घरही सिटी हॉलमध्ये पोहोचलं, हेही खरं.

दुसरा थांबा : मकाती

बोट पूर्वेकडे निघाली की काठावरची जुनी घरं मागे पडतात आणि काचेचे मनोरे दिसू लागतात. हे मकाती. बँका, कंपन्यांची मुख्यालयं आणि मॉल्सचं शहर. इथल्या राजकारणाची गोष्ट ऐकताना संध्याकाळच्या मालिकेची आठवण येईल.

१९८६मध्ये जेहोमार बिनाय यांच्याकडे मकातीचा कारभार आला. त्यानंतर मधला थोडा काळ सोडला तर खुर्ची त्यांच्याच घरात आहे. आधी ते स्वतः, मग पत्नी एलेनिता, पुन्हा ते स्वतः, मग मुलगा जुनजुन, मग मुलगी ॲबी. २०१९मध्ये तर जुनजुन आणि ॲबी हे सख्खे भाऊ-बहीण एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि बहीण जिंकली. २०२५मध्ये ॲबी यांच्या ३ टर्म संपल्या, तेव्हा त्यांचे पती लुईस कॅम्पोस रिंगणात उतरले. समोर कोण? ॲबी यांची थोरली बहीण नॅन्सी बिनाय. मेहुणीने भावोजींना हरवलं आणि मकातीची खुर्ची पुन्हा बिनाय आडनावाकडे आली.

तुम्ही म्हणाल, लोक कंटाळत कसे नाहीत? मकातीतल्या एखाद्या आजींच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्यांच्याकडे शहराचं ‘ब्लू कार्ड’ आहे, त्यावर थिएटरमध्ये सिनेमा फुकट पाहता येतो. श्रीमंत शहराच्या तिजोरीतून आरोग्याच्या आणि शाळेच्या सोयीही मिळतात. पैसा शहराचा, करदात्यांचा. पण तो इतकी वर्षं एकाच आडनावाच्या हातून येत राहिला की सोय आणि आडनाव वेगळं करून पाहणं कठीण होतं. नवा माणूस आला आणि कार्ड बंद पडलं तर? ही भीती समजण्यासारखी आहे आणि घराणी टिकतात ती बऱ्याचदा अशा भीतीच्या आधारावरच.

तिसरा थांबा : पासिग

नदीचं नाव लावणारं हे शहर मकातीइतकं झगमगीत नाही. कारखाने, बाजार आणि कामगारांच्या वस्त्या यांचं ते गाव. १९९२पासून इथे एउसेबियो कुटुंबाचं राज्य होतं. ३ टर्मची अट आली की नवरा बाजूला, बायको खुर्चीवर. मग पुन्हा नवरा. पुढे मुलगा, मग सून, मग पुन्हा मुलगा. कायदा कुठेही मोडला नाही आणि खुर्चीही कधी घराबाहेर गेली नाही. अशी २७ वर्षं.

२०१९मध्ये विको सोत्तो नावाचा २९ वर्षांचा नगरसेवक त्यांच्यासमोर उभा राहिला आणि जिंकला. सोत्तो काही कुणाला माहीत नसलेल्या घरातले नव्हते, हेही सांगायला हवं. वडील देशभर गाजलेले विनोदी कलाकार, आई अभिनेत्री, काका सिनेटचे अध्यक्ष राहिलेले. पण पासिगच्या सिटी हॉलमध्ये त्यांच्या घरचं कुणी महापौर नव्हतं. शहराच्या खर्चाने होणाऱ्या कामांवर आणि वाटल्या जाणाऱ्या वस्तूंवर आपलं नाव किंवा चेहरा छापायचा नाही, हा त्यांचा नियम खूप गाजला. साधी गोष्ट वाटते ना? पण मकातीच्या आजी आठवा. पिशवीवर कुणाचंच नाव नसेल तर ती आपल्या हक्काची आहे, हे घेणाऱ्याला कळतं. २०२१मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरातल्या १२ भ्रष्टाचारविरोधी कार्यकर्त्यांचा गौरव केला, त्यांत सोत्तो होते. २०२५मध्ये ते प्रचंड फरकाने तिसऱ्यांदा निवडून आले.

राज्यघटनेतलं अर्धं वाक्य

ही गोष्ट फक्त राजधानीची नाही. दक्षिणेला मिंदानाओ बेटावर दावाओ शहर आहे. भारतातले बरेच विद्यार्थी तिथे वैद्यकीय शिक्षणासाठी जातात, तुमच्या ओळखीतलं कुणी तिथे असेलही. तिथे रोड्रिगो दुतेर्ते १९८८मध्ये पहिल्यांदा महापौर झाले, नंतर मुलगी सारा, पुढे मुलगा सेबॅस्टियन. दुतेर्ते पुढे राष्ट्राध्यक्षही झाले. मार्च २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवर त्यांना अटक झाली आणि नेदरलँड्समधल्या हेग शहरात नेण्यात आलं. दोनच महिन्यांनी दावाओच्या मतदारांनी त्यांना मोठ्या मताधिक्याने पुन्हा महापौर केलं. महापौर हेगच्या कोठडीत आणि उपमहापौरपदी निवडून आलेला मुलगा सेबॅस्टियन शहराचा कारभार पाहायला!

गंमत म्हणा किंवा दुःख, फिलिपिन्सच्या १९८७च्या राज्यघटनेत राजकीय घराणेशाहीला मनाई आहे. मात्र घराणेशाही म्हणजे नेमकं काय, हे कायद्याने ठरवायचं असं तिथेच म्हटलं आहे. तो कायदा करायचा संसदेने. आणि संसदेत बसलेल्यांपैकी कित्येक जण याच घराण्यांमधले. मग राज्यघटनेतलं ते वाक्य अर्धंच राहिलं.

एका ठिकाणी मात्र ते पूर्ण झालं, तेही सगळ्यांत खालच्या पायरीवर. शहराचा सर्वांत लहान घटक म्हणजे बरांगाय, आपल्या वॉर्डासारखा. हा शब्द ‘बालांगाय’ या जुन्या होडीच्या नावावरून आला. पासिग शहरात असे ३० बरांगाय आहेत. प्रत्येकात मोठ्यांच्या परिषदेसोबत तरुणांचीही परिषद असते, तिचं नाव सांगुनियांग काबाताआन. तिच्यासाठी १५ ते ३० वर्षांचे तरुण मत देतात. हो, १५ वर्षांची मुलंसुद्धा! उमेदवाराचं वय १८ ते २४ लागतं. बरांगायच्या सर्वसाधारण निधीतला १० टक्के वाटा या परिषदेसाठी राखून ठेवतात. २०१६च्या कायद्याने इथे अट घातली की त्या भागातल्या निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याचा जवळचा नातेवाईक उमेदवार होऊ शकत नाही. आई, वडील, भाऊ, बहीण, आजोबा यांपैकी कुणी पदावर असेल तर मुलाने थांबायचं. मोठ्यांनी स्वतःला न लावलेला नियम मुलांना लावला, असं कुणी म्हणेल. पण आडनावाशिवाय निवडून येता येतं, हे मतदानाच्या पहिल्याच अनुभवात शिकणारी एक पिढी त्यामुळे तयार होते आहे.

जाणार असाल तर

• बरांगायच्या निवडणुका नोव्हेंबर २०२६मध्ये ठरल्या आहेत आणि शहरांच्या पुढच्या निवडणुका मे २०२८मध्ये. त्या दिवसांत गेलात तर गल्लीतला उत्साह जवळून पाहता येईल.

• मतदानाच्या आदल्या दिवशी आणि मतदानाच्या दिवशी दारूविक्रीवर बंदी असते. बेत त्याप्रमाणे आखा.

• परदेशी नागरिकांना तिथल्या प्रचारात भाग घ्यायला कायद्याने मनाई आहे. म्हणून कुणी हौसेने उमेदवाराचा टी-शर्ट दिला तरी घालून मिरवू नका.

• फेरीबोट सकाळी लवकर पकडा. मुलं सोबत असतील तर टोपी आणि पाण्याची बाटली हवीच.

• राजकारणावर बोलायचं असेल तर आपण मत देण्यापेक्षा प्रश्न विचारा. ‘तुमचे महापौर कसे आहेत?’ एवढं विचारलंत तरी पुढचा अर्धा तास सहज जाईल.

पासिगमध्ये उतरलात तर हा प्रश्न नक्की विचारा. विको सोत्तो यांची तिसरी टर्म २०२८मध्ये संपते आणि त्यांना लगेच पुन्हा महापौरपदासाठी उभं राहता येणार नाही. ज्या अटीला २७ वर्षं एका घराण्याने वळसा घातला, तीच अट आता त्यांच्याही समोर आहे. एक घराणं हरवणं पासिगला जमलं. त्याच्या जागी दुसरं उभं राहू न देणं, ही खरी परीक्षा २०२८च्या मे महिन्यात त्याच शाळांच्या वर्गांत होईल.