दाखविल्यावांचून दिसत नाहीं

आमच्या गोरेगांवच्या घरीं रात्रीं तीन-चार वेळां न्हाणीघराची कडी वाजे. अण्णा उठले, एवढें समजून सर्व मंडळी कूस बदलीत. “वय झालें,” हा त्यांचा खुलासा तयारच असे. आणि वडिलांस अशा गोष्टी विचाराव्या कशा, या संकोचांत मींही एक वर्ष घालविलें. अखेर आईनेंच धीर करून ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली. रात्रीचा त्रास ग्रंथीच्या साध्या वाढीचाच निघाला. परंतु त्या निमित्तानें झालेल्या पी. एस. ए. या रक्तपरीक्षेनें, व पुढें तुकडा काढून केलेल्या तपासणीनें, तिच्याआड मुकाट्यानें वाढणारा प्रोस्टेटचा कर्करोग उघडकीस आला.

मग पेट तपासणी झाली. भारतांत हें यंत्र प्रथम परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरांत २००२ सालीं बसलें. या कर्करोगाच्या पेशींवर बहुधा पी. एस. एम. ए. नांवाचें प्रथिन विपुल असतें. त्यास चिकटणारें द्रव्य ग्यालियम-६८ या किरणोत्सर्गी पदार्थाशीं जोडून शिरेंत टोचतात. रोग असेल तेथें चित्र उजळतें. अण्णांच्या चित्रांत ग्रंथीबाहेर कोठेंच उजेड नव्हता. शस्त्रक्रिया करण्याचें ठरलें.

परंतु आधीं काढलेलें चित्र म्हणजे नकाशा. प्रत्यक्ष वाट चालतांना तो पुरत नाहीं. रोबोच्या दुर्बिणींतून शस्त्रवैद्यास सर्व कांहीं दहापट मोठें दिसतें, तरी रोगट व निरोगी मांस ओळखूं येतेंच असें नाहीं. ग्रंथीच्या दोहों अंगांस मज्जातंतूंच्या नाजूक जुड्या चिकटलेल्या असतात. अधिक कापावें तर दांपत्यसुखास बाध येतो, लघवीवरील ताबाही ढळूं शकतो. कमी कापावें तर रोग मागें राहण्याचें भय. म्हणूनच शस्त्रक्रिया चालू असतां रोग दाखविणारीं साधनें शोधलीं जात आहेत. ग्यालियमचें तेज ६८ मिनिटांत निम्में होतें. म्यूनिक येथील वैद्यांनीं सहा तासांत निम्में होणारें टेक्नेशियम योजलें. तें आधीं टोचून, शस्त्रक्रियेच्या वेळीं शोधकनळीच्या आवाजावरून दडलेली गांठ हुडकावयाची. ऑक्सफर्डच्या २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत २३ रुग्णांस चमकणारा रंग टोचला, तेव्हां नुसत्या डोळ्यांस न दिसणारा रोग विशेष प्रकाशांत दिसला.

आमच्या शस्त्रवैद्यांजवळ असा रंग नव्हता. एम. आर. आय. चें चित्र समोर ठेवावें आणि काढलेल्या ग्रंथीची कड तेथल्या तेथें गोठवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावी, ही त्यांची रीत. आदल्या दिवशीं त्यांनीं विचारलें, “डावीकडे रोग तंतूंच्या अगदीं लगत आहे. कडेस तो आढळला, तर तंतू काढूं ना?” अण्णा कांहीं बोलेनात. त्यांनीं आईकडे पाहिलें. चारचौघांत त्यांच्याआधीं कधीं न बोलणारी आई म्हणाली, “काढा. हे घरीं आले, कीं बाकीचें आम्ही पाहूं.”

कडेस रोग निघाला. डावे तंतू गेले, उजवे राहिले. पुढचे कांहीं महिने अण्णांस अवघड गेले. पण या खेपेस घरांत कोणी कूस बदलून निजलें नाहीं. आतां ते सायंकाळीं आरे रोडनें फिरावयास जातात आणि बरोबरीच्या मंडळींस स्वतः होऊन विचारतात, “रात्रीं किती वेळां उठतां? डॉक्टरांस सांगितलेंत का?”

यंत्रें पेशीपेशींतला रोग उजळून दाखवूं लागलीं आहेत. पण त्यांच्यापुढें माणसास नेऊन उभें करणारा पहिला शब्द घरांतच बोलावा लागतो.