इशीचे धनुष्य

लहानपणी सुट्टीत वेताची काडी वाकवून धनुष्य कोणी केले नाही? आणि जरा जोर लावताच ते काडकन मोडले नाही, असा भाग्यवान तरी कोण? ते का मोडे, हे मला पुष्कळ वर्षांनी कॅलिफोर्नियात कळले!

सॅन फ्रान्सिस्कोहून मोटारीने तीनेक तासांवर ओरोव्हिल नावाचे गाव आहे. तेथे रस्त्याच्या कडेला एक साधेसे दगडी स्मारक दिसते. १९११ च्या ऑगस्टमध्ये याच जागी, कत्तलखान्याच्या कुंपणाशी, भुकेने खंगलेला एक मनुष्य सापडला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच्या याही जमातीची कत्तल केली होती. उरलेसुरले चारदोन जीव डिअर क्रीकच्या दऱ्यांत लपून राहिले आणि एकेक करून गेले. हा शेवटचा. स्वतःचे नाव स्वतः सांगायचे नाही, हा त्यांचा रिवाज. म्हणून प्राध्यापक क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या बोलीत इशी म्हणजे माणूस!

सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहू लागला. डॉ. सॅक्स्टन पोप त्याचे वैद्य. पण लवकरच वैद्यबुवा रोग्याचे शिष्य बनले. इशीचे धनुष्य चार फुटांहूनही आखूड. झाडाझुडपांत अडकू नये म्हणून. पण आखूड लाकूड फार ओढले की त्याची पाठ ताणली जाऊन फुटते. आमच्या काडीचे तेच होई! त्यावर इशीचा तोडगा असा : ज्युनिपरचे लाकूड तासायचे, हरणाच्या पायातल्या कंडरांचे तंतू चावून चावून मऊ करायचे आणि सामन माशाच्या कातडीच्या सरसाने ते धनुष्याच्या पाठीवर एकावर एक बसवायचे. मग झाडाच्या सालीने आवळून वाळत ठेवायचे. ताण तंतूंनी सोसायचा, लाकडाने नुसते दबायचे.

पोपसाहेबांनी काटा लावून ओढ मोजली. ती चाळीस-पंचेचाळीस पौंडांच्या घरात भरली. इशीची परीक्षा निराळी. मोठ्या रंगीत चकतीवर त्याचा नेम बेताचाच. पण उकिडवे बसून लाव्हरीएवढ्या वस्तूवर मारलेला बाण सहसा चुकत नसे. काम संपले की तो दोरी उतरवी आणि धनुष्य आडवे निजवी. उभे ठेवले तर ते काम करीतच राहते, घामाघूम होते आणि दुबळे बनते, असे त्याचे म्हणणे.

१९१६ च्या मार्चमध्ये क्षयाने इशी गेला. चितेवर त्याच्यासोबत त्याचे एक धनुष्य आणि पाच बाण ठेवले होते. पोपसाहेबांनी त्याची विद्या लिहून ठेवली, म्हणून ती वाचली. आजही हौशी लोक तशी धनुष्ये करून पाहतात.

स्मारकापाशी उभा असताना मनात आले : विद्या शिकायला एक शिष्य पुरला, पण त्या विद्येबद्दल इशीशी त्याच्या मायबोलीत चार शब्द बोलायला मात्र कोणी उरले नव्हते.