झाकली मूठ

आमच्या घरांत जमाखर्चाची वही रोज रात्रीं लिहिण्याचा परिपाठ मामंजींच्या वेळेपासून चालत आलेला आहे. दहा रुपयांची कोथिंबीरसुद्धां तींत नोंदली जाते. बेरीज जुळल्यावांचून मामंजी अंथरुणाला पाठ टेकीत नसत. अशा घरांत एक मनुष्य जवळजवळ नऊ महिने कर्जांत बुडत होता आणि वहीला त्याचा पत्ताहि नव्हता, हें सांगावयास मला अजून संकोच वाटतो. परंतु आमच्यासारखीं घरें पुष्कळ असतील अशा समजुतीनें, आणि ज्यांची ही हकीकत आहे त्यांच्याच संमतीनें, ती येथें लिहीत आहें.

माझे धाकटे दीर पुण्यांतील एका खासगी कारखान्यांत होते. २०२२ च्या दिवाळीनंतर त्यांची नोकरी गेली. घरीं त्यांनीं कोणालाहि कळूं दिलें नाहीं, जाऊबाईंनासुद्धां नाहीं. सकाळीं डबा घेऊन ते बाहेर पडत आणि सायंकाळीं नेहमींच्या वेळीं परत येत. घरखर्चाचा आपला वांटा पहिल्या तारखेस सासूबाईंच्या हातीं ठेवण्यांत एकदांहि खंड पडला नाहीं. तो पैसा क्रेडिट कार्डावर उचललेला होता, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

२०२३ सालीं श्रावण अधिक आला होता. वन्संच्या यजमानांना तेहतीस अनारशांच्या वाणाबरोबर चांदीचें निरांजन द्यावें, असें सासूबाईंच्या मनांत होतें. त्याचा निम्मा खर्च त्यांनीं धाकट्या मुलाकडे सहज मागितला. भावजी कांहीं बोलले नाहींत. रात्रीं ओट्याशीं मी एकटीच आवराआवर करीत असतां ते आले, मोबाईल माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “वहिनी, एवढें वाचा.” पडद्यावर त्यांच्या बचत खात्याची शिल्लक होती: उणें १,५४८ रुपये.

उणें शिल्लक ही वस्तु मीं प्रथमच पाहिली. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं त्याचें खातें शून्यावर थांबावें, शून्याखालीं कसें जावें? दुसऱ्या दिवशीं माझ्या कन्येनें सर्व उतारे छापून आणले आणि आम्हीं तिघांनीं ते ओळीनें वाचले. पगार बंद झाल्यावर पगाराचें खातें साधें बचत खातें झालें होतें आणि त्याला किमान शिलकेची अट लागली होती. खात्यांत उरले होते ८१२ रुपये. शिल्लक कमी म्हणून मार्चपासून दरमहा करासह ४७२ रुपये दंड. दंडामुळें शिल्लक आणखी कमी. म्हणून पुन्हां दंड. असे पांच महिने. दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात, तो त्या वर्षीं पंचांगांत होता तसा बँकेच्या उताऱ्यांतहि होता.

कार्डाची तऱ्हा निराळी होती. डबा घेऊन भावजी जात ते नोकरीच्या शोधांत. जूनपासून मात्र एका शिकवणी-वर्गांत गणित शिकवीत. तेथील पैसे सात तारखेस मिळत आणि कार्डाची मुदत पांचला संपे. दोन दिवसांच्या उशिराबद्दल करासह ८८५ रुपये, असे दोन वेळां. मर्यादेबाहेर खर्च गेला म्हणून आणखी ५९०. शिवाय दरमहा साडेतीन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला बेचाळीस. कार्डावर रोख रक्कम उचलली कीं तें व्याज त्याच दिवसापासून चढूं लागतें.

कन्या वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. तिनें रिझर्व्ह बँकेचे नियम काढून आमच्यापुढें ठेवले. २०१४ च्या नोव्हेंबरांत काढलेलें आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेलें एक परिपत्रक असें सांगत होतें कीं, किमान शिलकेचा दंड आकारण्यापूर्वीं बँकेनें ग्राहकास कळवावें, निदान एक महिन्याचा अवधि द्यावा, आणि केवळ या दंडापायीं खातें शून्याखालीं जाऊं देऊं नये. कार्डांविषयींच्या २०२२ च्या निर्देशांत, मुदत उलटून तीन दिवसांहून अधिक काळ लोटल्याखेरीज उशिराचा दंड लावूं नये आणि ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवांचून मर्यादेबाहेरचें शुल्क घेऊं नये, असें होतें. भावजींना सूचना आली नव्हती, आणि संमति त्यांनीं कधींच दिली नव्हती.

खरी अडचण नियमांची नव्हती, मनाची होती. “मीच देणेकरी, मीं कोणत्या तोंडानें मागावें?” असें भावजी म्हणाले. आमच्या घरांतून कोणाची याचना झालेली नाहीं, असें ह्यांनीं बजावलें. तेव्हां सासूबाईच बोलल्या. वाण्याचें दोन महिन्यांचें देणें थकलें असतांहि मामंजी त्याच्या यादींतील चुकीची बेरीज दाखवून देत, आणि दुरुस्त झालेली रक्कम पुढें पैन् पै चुकवीत. “चूक दाखविणें म्हणजे भीक मागणें नव्हे,” त्या म्हणाल्या. त्यावर कोणीं कांहीं बोललें नाहीं.

मग पत्रें लिहिलीं. प्रत्येक आकार, त्याची तारीख आणि त्याच्यासमोर नियम, असा तक्ता केला, नोकरी गेल्याचा दाखला जोडला, पोंच घेतली. रागाचा एकहि शब्द घातला नाहीं. शाखेकडून उत्तरच आलें नाहीं. कार्डाच्या कचेरीनें सर्व आकार नियमानुसार असल्याचें कळविलें. तीस दिवस उलटल्यावर, २०२१ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक योजनेखालीं आम्हीं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदविली. तिला फी पडली नाहीं आणि वकीलहि लागला नाहीं. कांहीं आठवड्यांत किमान शिलकेचे २,३६०, उशिराचे १,७७० आणि मर्यादेबाहेरचे ५९०, मिळून ४,७२० रुपये परत आले. व्याज आणि रोख उचलीचें शुल्क आम्हीं मागितलेंच नव्हतें. तें करारांत लिहिलेलें होतें आणि आमचेंच देणें होतें.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ उघडली तेव्हां आंत खरोखरच सव्वा लाख निघाले, पण कर्जाचे. त्यापुढें ४,७२० रुपये ते किती! तथापि ते उतारे एकत्र बसून वाचले नसते तर बेचाळीस टक्क्यांचें व्याजहि आमच्या दृष्टीस पडलें नसतें. जाऊबाईंच्या आणि माझ्या पाटल्या तारण ठेवून दहा टक्क्यांच्या आंतबाहेर कर्ज काढलें आणि कार्ड फेडून बंद केलें. किमान शिलकेची अट नसलेलें मूलभूत बचत खातें भावजींच्या नांवें उघडलें. निरांजन त्या वर्षीं पितळेचें दिलें. वन्संनीं तें कौतुकानें घेतलें. भावजींना पुढें नोकरी मिळाली, पहिल्याहून कमी पगाराची.

पैसे परत आले त्या रात्रीं सासूबाईंनीं वही भावजींपुढें सरकविली. जमेच्या बाजूस त्यांनीं ४,७२० लिहिले आणि थोडें थांबून समोरच्या पानावर कर्जाचा आंकडा स्वतःच्या हातानें मांडला. त्या रात्रीं बेरीज जुळेपर्यंत बारा वाजले. आम्हीं सर्वजण तोंवर बसून होतों.